सोंग घ्यावे, पण सांगून घ्यावे



या अंकात संगणकाविषयी लेख पाहून तुम्हाला थोडे नवल वाटेल. टाळ, वीणा, पखवाजाच्या पंक्तीला हे यंत्र कशाला आणून बसवले, असेही कोणी म्हणेल. पण आज कितीतरी दिंड्यांची यादी यंत्रावर असते, भिशीचा हिशेब यंत्रावर असतो आणि घरी बसलेली म्हातारी माणसे कीर्तन यंत्रावरच ऐकतात. यंत्र आपल्या घरात आलेच आहे. त्याच्याबरोबर एक जुना प्रश्नही नव्या कपड्यांत घरात आला आहे. वरचे रूप एक आणि आत दुसरेच, असे करणे केव्हा दोषाचे ठरते आणि केव्हा ठरत नाही? हा प्रश्न मला पोथीने घातला नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिने घातला. ती चूक आधी सांगतो, मग आपण मिळून विचार करू.

आमच्या दिंडीचे चिटणीस काका वीसएक वर्षे यादी सांभाळतात. पुण्यातल्या पेठेत एका जुन्या खोलीत दिंडीचे सामान असते. तंबूचे खांब, मोठी पातेली, पताका, आणि कोपऱ्यात एक जुना संगणक. त्यात यादी: वारकऱ्याचे नाव, गाव, घरच्यांचा फोन, कोणाला साखरेची गोळी लागते, कोणाला रक्तदाबाची. पालखी पुण्यात मुक्कामाला आली की काका त्या यादीचा छापील कागद घेऊन प्रत्येकाला शोधून काढतात.

तो संगणक विंडोज 7 वर चालत होता. 14 जानेवारी 2020 रोजी कंपनीने त्या आवृत्तीची देखभाल थांबवली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही, पण सुरक्षेची डागडुजी होत नाही. दाराची कडी सैल झाली तरी सुतार येणार नाही, असे समजा. पुढची विंडोज त्या जुन्या यंत्राला पेलणारी नव्हती. नवे यंत्र घ्यायचे तर दिंडीच्या पैशाला हात लावावा लागला असता. मी थोडे जाणतो म्हणून मला सांगितले गेले, आणि मी त्यावर लिनक्स बसवले.

लिनक्स म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. 1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. तेव्हापासून जगभरची माणसे त्यात भर घालत आली आहेत. ते फुकट मिळते, आणि त्याचे हलके प्रकार जुन्या यंत्रावरही बरे चालतात.

आता मुद्द्याची गोष्ट. लिनक्समध्ये गाभा आणि दर्शनी रूप ही दोन वेगळी कामे आहेत. देवळाचा दृष्टान्त घ्या. गाभारा वेगळा, सभामंडप वेगळा. मंडपाला रंग कोणता द्यावा, कमानी कशा असाव्यात, हे बदलले म्हणून गाभाऱ्यातली मूर्ती बदलत नाही. केडीई, ग्नोम, एक्सएफसीई अशी निरनिराळी दर्शनी रूपे या गाभ्यावर बसवता येतात आणि प्रत्येकाला हवा तसा साज चढवता येतो. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातले बटण, फोल्डरचा पिवळा रंग, पाठीमागचे हिरव्या टेकडीचे चित्र, सगळे हुबेहूब विंडोजसारखे करता येते. कोणी ॲपलच्या मॅकसारखेही करतात. खाली मोठ्या चित्रांची ओळ, वर बारीक पट्टी. पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

मी तसेच केले. एक आख्खी दुपार खपून जुन्या यंत्राचे रूप नव्याला दिले. चित्रे पूर्वीच्याच जागी ठेवली, पाठीमागे पूर्वीचाच पंढरपूरच्या कळसाचा फोटो लावला. काकांना काही कळू नये, हीच माझी इच्छा. "त्यांना सवय आहे, उगाच गोंधळतील," असे मी मनाला सांगितले. काका आले, बसले, म्हणाले, "जरा चपळ झालंय रे." मी नुसता हसलो.

ते टाळेबंदीचे दिवस. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपुराला गेल्या. त्यामुळे यादी उघडायचे कोणाला कारणच पडले नाही. काका कधीमधी येऊन कीर्तन ऐकत, जुने फोटो पाहत. 2022 साली वारी पुन्हा पायी निघाली. पालखी पुण्यात येण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी काकांनी यादी उघडली, आणि त्यांच्यासमोर मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टिंबे, रेघा यांचा चिवडा उभा राहिला.

कारण साधे होते. ती यादी जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली होती. शिवाजी, कृतिदेव वगैरे जे जुने फाँट आहेत, त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते खरी, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरांचीच चिन्हे. फाँट त्या चिन्हांवर देवनागरीचा अंगरखा घालतो. फाँट असेल तोवर सगळे मराठी. फाँट नसेल तर आतले उघडे पडते. नवी प्रणाली बसवताना तो फाँट आणून ठेवायचे मी विसरलो होतो.

काकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी यंत्र तेच, पडदा तोच, चित्रे त्याच जागी. मग बिघडले काय? आपलाच हात कुठेतरी चुकीचा लागला. त्यांनी कोणाला फोन केला नाही. लाज वाटली. जुन्या वह्या काढल्या आणि दोन रात्री बसून हाताने यादी लिहिली. तिसऱ्या दिवशी खोलीची किल्ली अध्यक्षांपुढे ठेवून म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत नाही. काय दाबतो ते मला आठवत नाही. चिटणीसपण दुसऱ्या कोणाला द्या."

माउली, ती किल्ली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. लगेच उठून खरे सांगायला हवे होते. पण दहा माणसांपुढे माझी जीभ उचलली नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंत्र बदललंस, त्याचं काही नाही. पण दोन रात्री मला वाटत होतं, माझी बुद्धी गेली."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा लेख.

आता पूर्वपक्ष मांडतो. मीही तोच मनाशी मांडत होतो. पहिले म्हणणे असे, की वेष बदलण्यात पाप कसले? आपल्या संप्रदायात तर वेष बदलून केलेली सेवा मोठी मानली आहे. दामाजीपंतांसाठी पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याची रक्कम भरून आला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने वर्षानुवर्षे कावडीने पाणी भरले. तेथे देवाने आपली ओळख सांगितली का? नाही सांगितली. मग मी एका म्हाताऱ्या माणसाची सोय व्हावी म्हणून यंत्राला जुने रूप दिले, यात काय बिघडले?

या कथा पुन्हा एकदा नीट पाहू. देवाने सोंग घेतले ते कोणत्या पायरीचे? वैकुंठीच्या राण्याने महाराचे, पाणक्याचे सोंग घेतले. सोंग खाली उतरले. त्यातला सगळा भार त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला. कावड त्याच्या खांद्यावर होती, नाथांच्या नव्हे. माझ्या सोंगाचा भार कोणाच्या खांद्यावर पडला? काकांच्या. दोन रात्री जागले ते काका. आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या घरी राबणारा श्रीखंड्या कोण होता हे कळल्यावर नाथांना आनंदाबरोबर हळहळही वाटली, असेच कीर्तनकार सांगतात. देवाने लपवले तेथेही भक्ताच्या मनाला ती टोचणी राहिली, तर तुमच्या माझ्यासारख्यांनी लपवल्यावर काय होणार?

दुसरे म्हणणे असे, की लोकांना ओळखीच्या रूपातून नवे द्यावे लागते. एकदम अनोळखी पुढे ठेवले तर माणूस बिचकतो. हे म्हणणे खरे आहे, आणि याचा सर्वांत मोठा दाखला नाथांच्याच भारुडांत आहे. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू, जोगवा ही रूपे लोकांच्या ओळखीची. नाथांनी ती घेतली आणि आत परमार्थ भरला. लोक रूप पाहून थांबले, आणि थांबल्यावर त्यांना अर्थ मिळाला. पण येथे एक बारकावा आहे. भारूड ऐकणाऱ्याला ठाऊक असते, की हा खरा जोशी नाही आणि हा खरा विंचू चावलेला नाही. सोंग उघड आहे. अर्थ उलगडला नाही तर भारूड पुरेच होत नाही.

बहुरूपी आठवा. लहानपणी तुम्ही पाहिला असेल. पोलीस होऊन दारात येतो, दरडावतो, घरातली पोरे घाबरून आत पळतात. आणि शेवटी हसून सांगतो, "मी बहुरूपी, माय, काही बिदागी द्या." त्याने ते शेवटचे वाक्य सांगितले नाही आणि दंडाचे पैसे घेऊन निघून गेला, तर त्याला आपण बहुरूपी म्हणणार नाही, भामटा म्हणू. कपडे तेच, मिशी तीच, आवाज तोच. फरक त्या एका वाक्याचा. माझ्याकडून तेच एक वाक्य राहिले.

यंत्रांच्या जगातही हे उघडपणे करणारे आहेत. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी लिनक्सच्या उबुंटू प्रकारावर आधारलेली प्रणाली घेतल्याची बातमी 2023 साली आली. तिचे वरचे रूप विंडोजच्या धर्तीचे, म्हणजे वापरणाऱ्याला अडचण नको. आणि तिचे नाव ठेवले आहे 'माया'. नाव वाचून मला हसू आले. पण पाहा, मायेला माया म्हटल्यावर तिच्यात फसवणूक राहत नाही. रूप ओळखीचे आहे आणि आत वेगळे आहे, हे नावातच सांगून टाकले.

आता तिसरे, आणि ते मला सर्वांत अवघड वाटते. मी खरोखर काकांच्या सोयीसाठी लपवले का? जिवाला हात लावून पाहिले तेव्हा उत्तर वेगळे निघाले. त्यांना समजावून सांगायचे तर एक तास गेला असता. दोनचार प्रश्न त्यांनी विचारले असते, तेच तेच पुन्हा विचारले असते. तो कंटाळा मला टाळायचा होता. आणि "म्हाताऱ्या माणसाला कळणार नाही" असे मी त्यांना न विचारता ठरवून टाकले. दयेच्या पिशवीत माझा आळस होता आणि थोडा अहंकारही. दया करताना समोरच्याला लहान केले, तर ती दया राहत नाही. जो माणूस वीस वर्षे शेकडो माणसांची औषधे लक्षात ठेवतो, त्याला एक यंत्र बदलल्याचे कळणार नव्हते?

माझ्या भाच्याचे उदाहरणही सांगतो. तो कॉलेजात आहे. त्याने आपल्या स्वस्तातल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून त्याला मॅकचे रूप दिले. हौस म्हणून यात काही वाईट नाही. घराला रंग देतो तशी ती हौस. पण एक दिवस मित्राने विचारले, "मॅक घेतलास की काय?" आणि हा गप्प राहिला. घरी येऊन त्याने ते मला आपणहून सांगितले. म्हणाला, "मामा, मी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही." त्या गप्प बसण्यापर्यंत ती हौस होती. त्या क्षणापासून तिला दुसरे नाव द्यावे लागेल. तुकोबांनी ज्या दंभावर एवढे कोरडे ओढले, त्याचे बी असेच लहान असते. कोणी आपल्याला आपण आहोत त्याहून मोठे समजले, आणि आपण ते दुरुस्त केले नाही.

मग वेषच टाकून द्यावा काय? वर काही नकोच, आत काय ते असू द्या, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. चोखोबांनी उसाचा दृष्टान्त देऊन वरच्या आकाराला भुलणाऱ्यांना जागे केले, तो अभंग तुम्हाला पाठच आहे. पण म्हणून वारकऱ्याने तुळशीची माळ काढून ठेवावी, असा त्याचा अर्थ कोणी घेतला नाही.

येथे यंत्र आणि माणूस यांचे मार्ग वेगळे होतात. यंत्रावर हजार वर्षे विंडोजचा साज ठेवा, आतले लिनक्स रतिभरही विंडोज होणार नाही. मंडपाचा रंग गाभाऱ्यात झिरपत नाही. माणसात मात्र झिरपतो. गळ्यात माळ घातलेला माणूस ताटात काय आले ते पाहतो, गुत्त्याच्या दाराशी थबकतो, आणि तोंडातून शिवी निघण्याआधी त्याचा हात आपसूक गळ्याकडे जातो. माळ घातली त्या दिवशी तो आतून पुरता वारकरी झालेला नसतो. ती माळ म्हणजे त्याने चारचौघांत दिलेला शब्द असतो, आणि पुढे तो त्या शब्दाला हळूहळू गाठत जातो. म्हणून वेष वाईट नाही. आपण अजून वेषाएवढे झालो नाही, ही जाणीव ज्याला आहे, त्याचा वेष त्याला वर ओढतो. झालोच, असे जो समजतो, त्याचा वेष त्याला झाकतो.

अक्षरांची गोष्ट सांगून हा भाग पुरा करतो, कारण ती आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. जुन्या फाँटांनी देवनागरी फक्त वरून दाखवली. अक्षर आतूनही आपलेच असावे, यासाठी भारतीय भाषांकरिता एक संकेत ठरवला गेला, इस्की नावाचा. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने तो मानक म्हणून स्वीकारला. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांचे मोठे काम उभे केले. पुढे जगभरासाठी युनिकोड आला, त्यातली देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरच बेतलेली आहे. आज तुम्ही मोबाइलवर 'विठ्ठल' लिहिता, तेव्हा आत साठतात ती देवनागरीचीच चिन्हे. साज कोणताही असो, फाँट जाडा असो की बारीक, विठ्ठल विठ्ठलच राहतो. यंत्र बदलले तरी त्याचा चिवडा होत नाही. जे आतून खरे आहे, त्याला वरून कितीही रूपे शोभतात. आपल्या पुण्यातच पाहा ना: एक पासोड्या विठोबा, एक निवडुंग्या विठोबा, एक पालखी विठोबा. वरची ओळख तीन तऱ्हांची. विटेवरचा एकच.

मग सिद्धान्त काय धरावा? मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. पटले तर तुम्हीही विचारून पाहा. हे सोंग मला वर चढवते, की खाली उतरवून कोणाच्या उपयोगी पाडते? ते उद्या फसले तर भार कोणावर पडेल, माझ्यावर की दुसऱ्यावर? आणि ज्याच्यासाठी घेतले, त्याला मी सांगितले आहे का? पहिल्या दोन प्रश्नांत मन आपल्याला फसवू शकते, कारण मन आपल्याच बाजूचे वकीलपत्र घेते. तिसऱ्यात फसवता येत नाही. सांगितले तरी असते, नाही तर नसते.

हे यंत्रापुरते नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. घरात म्हाताऱ्या आईचा आजार तिच्यापासून लपवतो, मुलगा नोकरी गेल्याचे वडिलांना सांगत नाही, सासऱ्यांच्या नकळत घराचे कागद बदलतात. सगळीकडे पडदा तोच ठेवतो आणि आतले बदलतो. "त्यांना त्रास नको," हेच सगळ्यांच्या तोंडी. कधी ते खरेही असते. पण मग एक दिवस काहीतरी उघडते, ओळखीच्या जागी अनोळखी अक्षरे उभी राहतात, आणि ते माणूस आपल्याला दोष न देता स्वतःला दोष देते. माझे काही चुकले असेल, माझी बुद्धी गेली असेल, असे म्हणते. सत्य लपवल्याने माणसाचा दुसऱ्यावरचा विश्वास जातो, हे आपण नेहमी ऐकतो. त्याचा स्वतःवरचा विश्वासही जातो, हे मला काकांमुळे कळले.

दुसऱ्या दिवशी मी जुना फाँट आणून यंत्रात बसवला. पाच मिनिटांचे काम. यादी जशीच्या तशी उघडली. मी अध्यक्षांपुढे आणि सर्वांपुढे माझी चूक सांगितली. किल्ली काकांच्या हातात परत गेली. मग मी काकांना विचारले, "आता नवे रूप ठेवू की जुनेच?" म्हणाले, "जुनंच राहू दे, हाताला सवय आहे." त्यांनी एक तास बसून सगळे समजून घेतले, चार प्रश्न विचारले, तेही पुन्हा पुन्हा नाही. आणि एका चिठ्ठीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवली: "वरून जुने, आतून नवे. अडले तर विचारावे."

ती चिठ्ठी अजून तेथे आहे. पुढच्या पालखीला आमच्या खोलीवर चहाला आलात, तर दाखवीन.

राम कृष्ण हरि.